पेठचा मुष्टियोद्धा

पुण्याहून बंगळूरच्या रस्त्याने निघालेली एसटी कऱ्हाड मागे टाकून पेठ नाक्याला टेकली, की निम्मी गाडी उठून उभी राहते. सांगली-मिरजेचे, आष्ट्याचे, शिराळ्याकडचे असे सगळे इथे उतरतात आणि आपापली पुढची गाडी शोधू लागतात. चहाच्या टपऱ्या, उसाचे ट्रॅक्टर, कंडक्टरांच्या आरोळ्या. महामार्गावरून जाणाऱ्याच्या लेखी पेठ म्हणजे एक फाटा; गाव आत कुठेतरी असते. बँकेच्या नोकरीत माझ्या बदल्या झाल्या त्या बहुतेक याच रस्त्याच्या अल्याडपल्याड. आयुष्यातले काही आठवडे तरी मी या नाक्यावर गाडीची वाट पाहण्यात घालवले असतील. पण या गावचा एक पोरगा साठ वर्षांपूर्वी हातात ग्लोव्हज चढवून पार जपानपर्यंत जाऊन आला होता, हे त्या नाक्यावर मला कधी कोणी सांगितले नाही.

मुरलीकांत राजाराम पेटकर. नाव आता पुष्कळांना ठाऊक झाले आहे. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली तेव्हा वर्तमानपत्रांतून फोटो आले, आणि जून २०२४ मध्ये कबीर खान यांचा ‘चंदू चॅम्पियन’ हा चित्रपट लागल्यावर तर घरोघरच्या नातवंडांपर्यंत ते पोहोचले. पॅरालिम्पिकमध्ये भारताला पहिले सुवर्णपदक मिळवून देणारे जलतरणपटू. साल १९७२, गाव हायडेलबर्ग, देश पश्चिम जर्मनी. स्पर्धापरीक्षेची पुस्तके घोकणारी मुले हे झोपेतसुद्धा सांगतील. मला लिहायचे आहे ते या जलतरणपटूच्या आधी जो माणूस होता त्याच्याविषयी. पाण्यात उतरण्यापूर्वी पेटकर मुष्टियोद्धे होते, आणि सेनादलाने परदेशात पाठवावे इतके चांगले होते. त्या मुष्टियोद्ध्याचे पुढे काय झाले, हे फारसे कोणी विचारत नाही. सोन्याच्या पदकाने त्याचे उत्तर परस्पर देऊन टाकले आहे, असे आपण धरून चालतो. मला ते तितकेसे पटत नाही.

वाळवा तालुक्यातल्या पोराने मुष्टियोद्धा व्हावे, हीच मुळात नवलाची गोष्ट. हा सारा मुलूख कुस्तीचा. शिराळ्याकडच्या पुनवतचे गणपतराव आंदळकर आणि सांगलीजवळच्या कवठेपिरानचे मारुती माने, दोघेही हिंदकेसरी. १९६२ साली जकार्ताच्या आशियाई स्पर्धेतून दोघेही पदके घेऊन आले. कऱ्हाडशेजारच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी तर त्याच्या दहा वर्षे आधी हेलसिंकीत ऑलिम्पिकचे कांस्यपदक जिंकले होते. गावोगावी तालीम, तालमीत लाल मातीचा हौदा, पहाटेच्या जोर-बैठका, जत्रेत फड आणि जिंकणाऱ्याला नारळ, फेटा, जमल्यास चार रुपये. अंगात रग असलेल्या पोराने आखाड्यात उतरायचे, हे ठरलेलेच. ठोसा मारणे ही आमच्याकडे खेळातली गोष्ट नव्हती, भांडणातली होती. कुस्तीत कोणी मूठ आवळली तर पंच त्याला बाहेर काढील.

पेटकरही सुरुवातीला मातीतच खेळले. लहानपणी गावातल्या बड्या घरच्या मुलाला त्यांनी कुस्तीत चीत केले, त्यावरून तंटा उभा राहिला आणि त्यांना गाव सोडावे लागले, अशी हकीकत ते स्वतः सांगतात. चित्रपटवाल्यांना ती आवडणारच. मला त्यात आपल्या गावगाड्याची ओळखीची खूण दिसते. जत्रेतली कुस्ती निकाली झाली की लोक फेटे उडवतात खरे, पण कोणी कोणाला पाडावे याचेही काही अलिखित नियम असत आणि ते गरिबाच्या पोराने पाळायचे असत. असो. पोरगा लहान वयातच सैन्यात गेला. त्या काळी आमच्या भागातल्या ज्या घरांत जमिनीचा तुकडा कमी आणि तोंडे जास्त, त्यांना बाहेर पडायला दोनच वाटा होत्या. एक मुंबईच्या गिरणीची आणि दुसरी पलटणीची.

पलटणीने त्यांच्या हाती ग्लोव्हज दिले. ई.एम.ई. म्हणजे सैन्याचे विजेचे आणि यंत्रांचे काम पाहणारे दल. तोफा, रणगाडे, गाड्या मोडल्या की दुरुस्त करायच्या, अडकल्या की ओढून काढायच्या, हे त्यांचे काम. त्यातल्या कारागीर जवानाला ‘क्राफ्ट्समन’ म्हणतात. पेटकर असे क्राफ्ट्समन होते आणि सिकंदराबादच्या ई.एम.ई. केंद्रात मुष्टियुद्ध खेळत होते. आपल्या देशात मुष्टियुद्ध वाढले ते मोठ्या प्रमाणावर सैन्याच्या रिंगणात. तेथे उस्ताद होते, वेळच्या वेळी खुराक होता, आणि कोणाच्या घरचा मुलगा समोर आहे हे पाहून हात आखडता घ्यायचे कारण नव्हते. वजनाच्या काट्यावर दोघे सारखे भरले की रिंगमध्ये दोघे सारखेच. ज्या पोराने कुस्ती जिंकल्याबद्दल गाव सोडले, त्याला हा नियम किती गोड लागला असेल!

१९६४ साली टोकियोत सेनादलांची आंतरराष्ट्रीय क्रीडास्पर्धा झाली, तीत ते भारताकडून खेळले. वय जेमतेम वीस. टोकियोत तेच वर्ष ऑलिम्पिकचे. ऑक्टोबरात तेथे ऑलिम्पिक भरले आणि अमेरिकेचा जो फ्रेझर अंगठा मोडलेल्या डाव्या हाताने अंतिम लढत खेळून वजनदार गटाचे सुवर्णपदक घेऊन गेला. नोव्हेंबरात त्याच शहरात आणखी एक स्पर्धा झाली. तिच्यातले खेळाडू चाकाच्या खुर्चीवर बसून आले होते. भारतातून तिकडे कोणी गेले नव्हते. आपल्याकडे तिची बातमी तरी कितीजणांनी वाचली असेल, कोण जाणे.

मुष्टियुद्ध मी कधी खेळलो नाही. पण नोकरीच्या एका गावी आमच्या शाखेत सुरक्षारक्षक म्हणून निवृत्त सुभेदार होते, त्यांनी उमेदीत पलटणीकडून हा खेळ केला होता. दुपारी दोननंतर गर्दी ओसरली की ते मला त्यातल्या गोष्टी सांगत. एकदा म्हणाले, “साहेब, ठोसा हाताचा असतो असं तुम्हाला वाटतं ना? तो टाचेतनं निघतो.” आणि बंदूक भिंतीला टेकवून त्यांनी मला ते करून दाखवले. डावा पाय पुढे, उजवा मागे, मागच्या पायाची टाच किंचित उचललेली. उजव्या हाताचा ठोसा द्यायचा तेव्हा आधी मागच्या पायाचा चवडा जमीन रेटतो, मग कंबर फिरते, कमरेपाठोपाठ खांदा, आणि मूठ सर्वांत शेवटी. नुसत्या दंडाच्या जोरावर मारलेला ठोसा म्हणजे त्यांच्या भाषेत “माशी हाकलणं.” मार चुकवायचा तोही पायांनीच. तीन-तीन मिनिटांच्या तीन फेऱ्या; त्यात मूठ जितक्या वेळा उडते त्याच्या कितीतरी पट पावले पडतात. थकलेला मुष्टियोद्धा ओळखायचा तो त्याच्या हातांवरून नव्हे, असे ते म्हणत. त्याचे पाय जड पडू लागतात, पूर्ण तळवे टेकतात, तिथे तो संपला.

हे एवढ्या तपशिलाने सांगण्याचे कारण आहे. मुष्टियोद्ध्याला दुखापती काही नव्या नसतात. नाक मोडते, भुवई फुटते, फ्रेझरसारखा अंगठा निखळतो. त्या भरतात आणि माणूस पुन्हा दोरखंडाखालून आत शिरतो. पेटकरांची दुखापत या जातीची नव्हतीच. ती रिंगमध्ये झालीही नाही.

१९६५ चा सप्टेंबर. पाकिस्तानशी युद्ध पेटले होते आणि सियालकोटच्या आघाडीवर फिलोरा, चविंडा या भागात रणगाड्यांच्या मोठ्या लढाया चालल्या होत्या. रणगाडे लढतात तेथे ते दुरुस्त करणारेही मागोमाग असावेच लागतात, आणि वरून येणारे विमान लढणारा कोण, दुरुस्त करणारा कोण हे पाहत नाही. पेटकर सियालकोट आघाडीवर होते. छावणीत शिटी वाजली, ती चहाची असे समजून काही जण बाहेर आले आणि त्याच वेळी विमानांचा मारा सुरू झाला, असे त्यांनी मुलाखतींतून सांगितले आहे. अंगात कितीतरी गोळ्या घुसल्या. त्यातली एक पाठीच्या कण्यात. कमरेखालचे शरीर लुळे पडले. टोकियोच्या रिंगमधून उतरून पुरती दोन वर्षेही झाली नव्हती.

कण्यात गोळी लागते म्हणजे काय होते, हे मिरजेच्या माणसाला फारसे समजावून सांगावे लागू नये. आमचे गाव तंबोऱ्या-सतारींचे म्हणून लोक ओळखतात, पण त्याहूनही जास्त लोक ते दवाखान्यांचे म्हणून ओळखतात. १८९४ साली डॉक्टर वानलेस यांनी येथे मिशनचे रुग्णालय उभारले. तेव्हापासून कर्नाटकातून, सोलापुराकडून, घाट चढून कोकणातून माणसे आपला दुखणेकरी घेऊन मिरजेच्या स्टेशनावर उतरत आली आहेत. बँकेच्या खिडकीत बसलेल्याला त्या दुखण्यांची एक वेगळीच बाजू दिसते. पावती मोडायला आलेल्या माणसाला कारण विचारायचे नसते, तरी ते त्याच्या तोंडावर लिहिलेले असते.

एक वडील मला अजून आठवतात. त्यांचा मुलगा विहिरीच्या कामावर वरून आत पडला होता. अठरा-एकोणीस वर्षांचा. “साहेब, पावती मोडायची हाय,” म्हणाले. मी कागद पुढे केला. अंगठा उठवताना ते आपल्याशीच बोलल्यासारखे म्हणाले, “पाठीचं हाड गेलंय म्हंत्यात. हात चालत्यात. बोलतोय बी. पर कमरेखाली चिमटा काढला तर कळंना झालंय त्येला.” पुढे ते आणखी दोनदा आले, दुसरी पावती घेऊन आणि मग बायकोची बोरमाळ तारण ठेवायला. त्यानंतर आले नाहीत. मीही चौकशी केली नाही. आमच्या धंद्यात ती करायची नसते, आणि काय उत्तर येईल हेही साधारण ठाऊक असते.

कण्याच्या आत जी दोरी असते तिच्यातून मेंदूचे हुकूम खाली जातात आणि खालच्या वेदना वर येतात. ती तुटली की पुन्हा जुळत नाही. पण अशा रोग्याला मारत असे ते कण्याचे दुखणे नव्हे. जाणीव नसलेली कातडी एकाच कुशीवर पडून राहिली की तिला जखमा होतात, त्या हाडापर्यंत सडत जातात. लघवी तुंबून मूत्रपिंडे बिघडतात. दुसऱ्या महायुद्धापूर्वी असे जखमी सैनिक बहुधा काही महिन्यांतच मरत, आणि डॉक्टरही ते धरूनच चालत. हे चित्र ज्यांनी बदलले त्यांत लुडविग गुटमान यांचे नाव पहिले. ब्रेस्लाऊचे हे ज्यू डॉक्टर हिटलरच्या छळाला कंटाळून १९३९ साली इंग्लंडला गेले. १९४४ मध्ये स्टोक मँडेविल येथील रुग्णालयात त्यांच्या हाती कण्याच्या रोग्यांचा विभाग आला. त्यांनी पहिला नियम घातला तो अगदी घरगुती होता : दर दोन तासांनी रोग्याची कूस बदलायची, रात्रीसुद्धा. दुसरा नियम असा, की माणसाला रिकामे पडू द्यायचे नाही. हात शाबूत आहेत ना, मग चेंडू फेका, धनुष्य ओढा, पाण्यात उतरा. २९ जुलै १९४८ ला, लंडनचे ऑलिम्पिक सुरू झाले त्याच दिवशी, त्यांनी रुग्णालयाच्या हिरवळीवर सोळा जखमी सैनिकांची तिरंदाजीची स्पर्धा घेतली. पॅरालिम्पिकचा उगम तो. टोकियोत नोव्हेंबर १९६४ मध्ये चाकाच्या खुर्च्या गेल्या त्या याच वाटेने.

पेटकरांच्या नशिबाने ते सैन्यात होते. त्यांच्या वडिलांना पावती मोडायची वेळ आली नाही. मुंबईला कुलाब्याच्या नौदलाच्या ‘अश्विनी’ रुग्णालयात त्यांच्यावर दीर्घकाळ उपचार झाले. व्यायामाचा भाग म्हणून त्यांना पाण्यात उतरवण्यात आले. पाय नसल्यासारखे असलेल्या माणसाला पाण्यात सोडायचे हे ऐकून आपल्या अंगावर काटा येतो, पण त्यामागचा हिशेब सरळ आहे. जमिनीवर शरीराचा सगळा भार पाय उचलतात; पाण्यात तो भार पाणीच उचलते. उरते ते खांद्यांचे आणि छातीचे काम.

आणि खांदे कोणाचे होते? ज्याने वर्षानुवर्षे वाळूच्या पोत्यावर ठोसे मारले, दोरीवरच्या उड्या मारून छातीचा भाता वाढवला, त्या मुष्टियोद्ध्याचे. गोळीने ठोशातली टाच नेली, चवडा नेला, कंबर नेली. मागे राहिले ते खांदा, दंड, मनगट आणि दम. पोहण्याच्या फ्रीस्टाइल प्रकारात एक हात पुढे जाऊन पाणी पकडतो तेव्हा दुसरा मागे रेटत असतो, हे ज्याने जवळून पाहिले आहे, त्याला पेटकर पाण्यात काय करत असतील याची कल्पना करता येईल. एवढेच, की सुभेदारांच्या हिशेबाने तो सगळा नुसत्या दंडांचा मारा होता. टाचेचा पाठिंबा नसलेला.

इथे आपल्याकडची एक सवय मला खटकते. पेटकरांची गोष्ट सांगताना पुष्कळजण तिला असा गोड वळसा देतात, की गोळी लागली हे एका परीने बरेच झाले, नाही तर सुवर्णपदक कुठले मिळते? मंगळागौरीच्या कहाणीत शोभावे असे हे बोलणे आहे. वीस-एकवीस वर्षांचा तो मुष्टियोद्धा आणखी दोन-चार वर्षांत कुठवर गेला असता, हे कोणालाच सांगता येणार नाही. कदाचित ऑलिम्पिकला गेला असता, कदाचित सिकंदराबादेतच उस्ताद होऊन निवृत्त झाला असता. दोन्ही शक्य होते, आणि दोन्ही त्याची स्वतःची होती. ती गेली ती गेली. पुढे जे मिळाले ते दुसऱ्याच खात्यात जमा झाले. त्याने पहिल्या खात्यातली खोट भरून निघाली असे कोणताही हिशेबनीस म्हणणार नाही.

१९६८ साली तेल अवीवला तिसरे पॅरालिम्पिक झाले, भारताने पहिल्यांदा संघ पाठवला. पेटकर त्यात टेबल टेनिस खेळले आणि पहिली फेरी पार करून गेले. म्हणजे मधल्या तीन वर्षांत त्यांनी पोहण्याबरोबर आणखीही खेळ हाताशी धरले होते. हातात काहीतरी हवेच, असा तो स्वभाव. परदेशी जाण्याचा खर्च हा मोठा प्रश्न होता. क्रिकेटपटू विजय मर्चंट त्या काळी अपंगांसाठी पुष्कळ काम करत, त्यांनी पेटकरांना मदतीचा हात दिला. मर्चंटांच्या फलंदाजीवर आपल्याकडे पुस्तके आहेत. हे काम कोणाच्या फारसे लक्षात नाही, म्हणून मुद्दाम नोंदवतो.

मग १९७२. त्या साली ऑलिम्पिक म्युनिकला होते, पण चाकाच्या खुर्च्यांची स्पर्धा तेथे होऊ शकली नाही. खेळाडूंसाठी बांधलेल्या इमारती ऑलिम्पिकनंतर राहण्याची घरे म्हणून वापरायच्या होत्या, त्यामुळे जागाच उरली नाही. स्पर्धा हायडेलबर्गला गेली आणि ऑलिम्पिकच्या आधी, ऑगस्टच्या सुरुवातीलाच उरकली. तेथे पुरुषांच्या ५० मीटर फ्रीस्टाइलमध्ये, तिसऱ्या वर्गात, पेटकर ३७.३३ सेकंदांत काठाला लागले. सुवर्णपदक, आणि तो त्या वर्गातला जागतिक विक्रमही होता. कण्याची दुखापत किती वर वा खाली आहे त्यावरून तेव्हा खेळाडूंचे वर्ग पाडत. पायांनी पाणी मारणे नाही; पाय नुसते मागून ओढले जातात, आणि ओढायचे ते दोन हातांनी. ज्याला पोहता येते त्याने एकदा दोन्ही पायांना रुमाल बांधून, जवळ कोणीतरी उभे करून, पन्नास मीटर जाऊन पाहावे. ३७ सेकंद म्हणजे काय ते कळेल. त्याच स्पर्धेत भालाफेक, नेम धरून भालाफेक आणि चाकाच्या खुर्चीची नागमोडी शर्यत या तिन्हींत त्यांनी अंतिम फेरी गाठली.

त्या ऑगस्टात मी शाळेत होतो. मला आठवतो तो दुष्काळ. पावसाने दडी मारली होती, जत-आटपाडीकडची माणसे खडी फोडायला जात होती, शाळेत सुकडी मिळे आणि रेशनवर लाल मिलो. मोठी माणसे वर्तमानपत्र उघडत ती पावसाची बातमी पाहायला. पुढे सप्टेंबरात म्युनिकला आपल्या हॉकी संघाला कांस्यपदक मिळाले, त्याची चर्चा आमच्या वर्गातही झाली. सोने गेले म्हणून हळहळही झाली. आपल्याच जिल्ह्यातल्या माणसाने महिनाभर आधी त्याच देशात सोने जिंकले आहे, हे आम्हा पोरांना ठाऊक नव्हते, आणि मास्तरांनाही नसावे. त्यात मुद्दाम कोणी काही दडवले असे मला वाटत नाही. अपंग माणूस खेळतो, ही कल्पनाच डोक्यात नव्हती. अपंगाला बसायला जागा द्यायची, जेवायला आधी वाढायचे, लग्नाची काळजी करायची, इतपत आमची समज. तो शर्यत जिंकेल आणि त्याचे कौतुक दयेने नव्हे तर सेकंदांनी करायचे असते, हे आम्हाला कोणी शिकवले नव्हते.

पेटकर पुण्यात टेल्कोत नोकरीला लागले आणि बाकीच्यांसारखे पाळीवर जाऊ लागले. पद्मश्री मिळाली तोवर हायडेलबर्गला सेहेचाळीस वर्षे झाली होती. मधल्या काळात अर्जुन पुरस्कारासाठी त्यांचे नाव मागे पडले. अपंग म्हणून आपला विचार झाला नाही, असे ते सांगत आले आहेत. बँकेत दोन वर्षे व्यवहार न झालेले खाते आम्ही निष्क्रिय म्हणून बाजूला काढतो. दहा वर्षे झाली की रक्कम रिझर्व्ह बँकेकडच्या निधीत जाते. पण तेव्हाही ती बुडत नाही. मालक आला, ओळख पटवली, की व्याजासकट द्यावी लागते. पटवायला मालकालाच यावे लागते, ही त्यातली अडचण. बँकेचा माणूस काही त्याला शोधत गावोगाव हिंडत नाही.

हे एकट्या पेटकरांचे झाले असते तर मी म्हटले असते, नियम नवे होते, खेळ अनोळखी होता. पण पेठपासून तासाभराच्या आतच गोळेश्वर लागते. खाशाबा धडधाकट होते, कुस्ती तर आमचा जीव की प्राण, आणि पदक खुद्द ऑलिम्पिकचे. तेसुद्धा १९८४ साली अपघातात गेले तेव्हा त्यांच्या नावावर अर्जुन नव्हता. तो मिळाला २००० सालचा, मरणोत्तर. तेव्हा खेळ अनोळखी होता ही सबब पुरी पडत नाही. आमच्या या सातारा-सांगलीच्या पट्ट्यातली माणसे जिंकून आली की बैलगाडीतून मिरवणूक काढतात, आणि मग मिरवणुकीत नाचलेलाच प्रत्येकजण समजतो की पुढचे कागद दुसऱ्या कोणीतरी पाठवले असतील.

पॅरालिम्पिकमधल्या पुढच्या सुवर्णपदकासाठी देशाला २००४ पर्यंत थांबावे लागले. ते राजस्थानच्या देवेंद्र झाझडियांनी अथेन्सला भालाफेकीत मिळवले. ऑलिम्पिकमधले वैयक्तिक सुवर्ण तर २००८ साली अभिनव बिंद्राच्या रूपाने आले, पेटकरांनंतर छत्तीस वर्षांनी. आता दिवस पालटले आहेत. २०२४ च्या सप्टेंबरात पॅरिसच्या पॅरालिम्पिकमध्ये आपल्याच जिल्ह्यातल्या आटपाडी तालुक्याच्या करगणीचे सचिन खिलारी यांनी १६.३२ मीटर गोळा फेकून रौप्यपदक मिळवले. शाळकरी वयातल्या अपघाताने त्यांचा एक हात अधू झाला होता. या वेळी मात्र ती फेक गावातल्या पोरांनी मोबाइलवर पाहिली, आणि रात्रीच फटाके वाजले असतील तर नवल नाही.

१७ जानेवारी २०२५ रोजी राष्ट्रपती भवनात २०२४ चे क्रीडा पुरस्कार दिले गेले. अर्जुन पुरस्काराच्या यादीत सचिन खिलारी होते. त्याच समारंभात जीवनगौरव म्हणून दिला जाणारा अर्जुन घ्यायला ऐंशी वर्षांचे मुरलीकांत पेटकर कुबड्यांच्या आधाराने पुढे आले आणि सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. एक वाळवा तालुक्यातला, दुसरा आटपाडीचा. दोघांच्या वयांत पंचेचाळीस वर्षांच्या आसपास अंतर. टेबलावर चहा निवत होता आणि मी यादी पुन्हा एकदा वाचली. असल्या यादीत प्रत्येक नावापुढे खेळ लिहायचा असतो, त्यासाठी एक रकाना असतो. खिलारींच्या पुढे पॅरा-अॅथलेटिक्स. पेटकरांच्या पुढे पॅरा-जलतरण. मुष्टियुद्ध कुठे नव्हते.